डॉकर बिल्ड फेल झालं तर आधी कुठं बघायचं? वेब अॅपची इमेज बांधताना येणाऱ्या अडचणी आणि त्यांचा माग

हा लेख ज्यांना डॉकरफाइल लिहिता येते, पण बिल्ड फेल झालं की काय करावं ते सुचत नाही अशांसाठी आहे. लातूर, नांदेड, परभणीकडे आता बरीच मुलं स्थानिक दुकानदार, अडते, दवाखाने यांच्यासाठी छोटी वेब अॅप्स करतात. अॅप चांगलं चालतं, पण सर्व्हरवर चढवायला इमेज बांधायची वेळ आली की दोन दिवस त्यातच जातात. यातला बराचसा वेळ दोष दुरुस्त करण्यात जात नाही. दोष कुठे आहे हे न बघता डॉकरफाइलमध्ये काहीतरी बदलून परत परत बिल्ड चालवण्यात तो जातो.

उदाहरण म्हणून एकच अॅप धरू. मोंढ्यातल्या एका अडत दुकानासाठी जँगोमध्ये (पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये) लिहिलेलं: सोयाबीन-तुरीची आवक नोंदवायची, भाव टाकायचा, हमाली-तोलाई वजा करायची आणि शेतकऱ्याला मराठीत हिशोबपट्टीची पीडीएफ द्यायची. मागे पोस्टग्रेस, आणि पुढची पानं बांधायला थोडं नोड. लेखात आज्ञा आणि चुकांचे संदेश देवनागरीत दिलेत. टर्मिनलवर ते अर्थातच रोमन लिपीत येतील आणि तुम्हालाही तसेच टाइप करायचे आहेत.

पूर्ण लॉग हातात घ्या

फोनवरचं संभाषण बहुतेक वेळा असं असतं:

"दादा, बिल्ड फेल झालं."

"काय म्हणतंय?"

"डिड नॉट कम्प्लीट सक्सेसफुली, एक्झिट कोड १."

हे म्हणजे काहीच कळलं नाही. ती शेवटची ओळ फक्त निकाल सांगते. कारण तिच्या वर, कधी दहा तर कधी दोनशे ओळी वर असतं. डॉकर इंजिन २३ पासून लिनक्सवरही बिल्डकिट हाच मूळ बिल्डर झाला आहे आणि तो जागा वाचवायला प्रत्येक पायरीचं आउटपुट गुंडाळून टाकतो. म्हणून पहिली सवय ही लावा: `डॉकर बिल्ड --प्रोग्रेस=प्लेन -टी पट्टी:चाचणी .` असं चालवायचं आणि सगळं आउटपुट टी (टी-ई-ई) आज्ञेने एका फाइलमध्ये उतरवून घ्यायचं. बिल्डचं आउटपुट एरर स्ट्रीमवर येतं, त्यामुळे पाइपच्या आधी `२>&१` विसरू नका, नाहीतर फाइल रिकामीच राहते.

मल्टिस्टेज (म्हणजे एकाहून जास्त फ्रॉम असलेल्या) डॉकरफाइलमध्ये बिल्डकिट स्टेज समांतर चालवतो. नोडच्या आणि पायथनच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि वाचणारा चुकीच्या स्टेजला दोष देतो. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला #१२, #१५ असा क्रमांक असतो. जो क्रमांक एरर देतोय त्याच क्रमांकाच्या ओळी ग्रेपने वेगळ्या काढा, आणि वरून खाली वाचा. 'एरर' हा शब्द पहिल्यांदा जिथे येतो ती ओळ पकडायची. त्याखालच्या बहुतेक त्याचेच परिणाम असतात.

एक्झिट कोडही काहीतरी सांगतो. १ म्हणजे आतला प्रोग्रॅम स्वतः नाराज झाला, त्याचाच मजकूर वाचा. १०० दिसला तर बहुधा अॅप्ट-गेट अडलं. १२७ म्हणजे आज्ञाच सापडली नाही, १२६ म्हणजे सापडली पण चालवता येत नाही. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, प्रोसेसला सिगकिल (जबरदस्तीने बंद करणारा सिग्नल) मिळाला, आणि बिल्डमध्ये त्याचं कारण जवळजवळ नेहमी रॅम संपणं हेच. १३४ पुढे येईल.

फुटलेल्या पायरीच्या आत शिरा

लॉग वाचूनही कळलं नाही तर अंदाज बांधत बसू नका. डॉकरफाइलमध्ये जी ओळ फुटते तिथून एक नवी स्टेज सुरू करा आणि तिच्या वरच्या स्टेजला नाव द्या, किंवा सरळ ती ओळ आणि त्याखालचं सगळं कॉमेंट करा. मग `--टार्गेट` मध्ये ते नाव देऊन (कॉमेंट केलं असेल तर तसंच) तिथपर्यंतच इमेज बांधा आणि `डॉकर रन --आरएम -आयटी पट्टी:चाचणी एसएच` ने आत जा. आता फुटणारी आज्ञा हाताने चालवा. फाइल खरंच तिथे आहे का, कोणत्या युजरने चालतंय, पायथन कोणता, हे सगळं दोन मिनिटांत दिसतं. इमेजमध्ये एंट्रीपॉइंट असेल तर `--एंट्रीपॉइंट एसएच` द्यावं लागेल. तेवढं सोडलं तर यात अवघड काही नाही, तरी मुलं हे शेवटी करतात. दुसऱ्या क्रमांकावर करायची गोष्ट आहे ही.

पहिल्या रनच्या आधीच अडलं असेल तर

'ट्रान्सफरिंग कॉन्टेक्स्ट' या ओळीपुढचा आकडा बघा. कॉन्टेक्स्ट म्हणजे बिल्डला दिलेल्या फोल्डरमधल्या फाइली. पट्टीच्या अॅपचा कोड फार तर काही एमबी असेल. तिथे सातशे एमबी दिसले तर नोड-मॉड्यूल्स, गिटचं फोल्डर, पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायरन्मेंट, जुने डेटाबेस डम्प आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्यांच्या स्कॅन केलेल्या प्रतीसुद्धा बिल्डमध्ये चालल्यात. डॉट-डॉकरइग्नोर फाइल करा आणि हे सगळं त्यात टाका. पासवर्ड असलेली डॉट-ईएनव्ही फाइल तर आधी टाका.

याचा संबंध फक्त वेगाशी नाही. विंडोज किंवा मॅकवर इन्स्टॉल केलेलं नोड-मॉड्यूल्स कॉपी होऊन लिनक्स इमेजमध्ये गेलं, की बीक्रिप्ट, शार्प यांसारखी नेटिव्ह मॉड्यूल्स 'इनव्हॅलिड ईएलएफ हेडर' म्हणत कोसळतात. इमेजमध्ये एनपीएम सीआय यशस्वी झालेलं असतं, पण त्यानंतरची `कॉपी . .` ही ओळ तुमच्या लॅपटॉपवरची बायनरी त्यावर आणून टाकते. लॉगमध्ये यातलं काहीच दिसत नाही.

उलट्या बाजूची चूक म्हणजे 'फेल्ड टू कम्प्यूट कॅश की... नॉट फाउंड'. संदेश भयंकर वाटतो, अर्थ इतकाच की कॉपी करायला सांगितलेली फाइल कॉन्टेक्स्टमध्ये नाही. एक तर बिल्ड चुकीच्या फोल्डरमधून चालवलंय, नाहीतर डॉकरइग्नोरनेच ती वगळलीय, नाहीतर नावात लहान-मोठ्या अक्षरांचा फरक आहे. विंडोजला तो फरक चालतो, लिनक्सला नाही.

नेटवर्क

आपल्याकडे सर्वांत जास्त वेळ इथे जातो, म्हणून जरा सविस्तर.

आधी हे ठरवा की नेट मुळात मशीनवरच नाही, की मशीनवर आहे पण बिल्डच्या आत नाही. लिनक्सवर याची झटपट परीक्षा म्हणजे तेच बिल्ड `--नेटवर्क=होस्ट` देऊन चालवणं. तसं चाललं आणि एरवी नाही, तर दोष डॉकरच्या ब्रिजमध्ये (कंटेनरना बाहेर जोडणाऱ्या आतल्या नेटवर्कमध्ये) आहे, इंटरनेटमध्ये नाही. हे कळल्यावर मग दोनच संशयित उरतात.

पहिला डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा. संदेश येतो 'टेम्पररी फेल्युअर रिझॉल्व्हिंग'. होस्टवर (म्हणजे डॉकर चालतो त्या मशीनवर) फक्त लोकलहोस्टचा डीएनएस दिसला तर डॉकर गूगलच्या ८.८.८.८ कडे जातो. अनेक कॉलेजांच्या आणि कार्यालयांच्या नेटवर्कवर बाहेरचा डीएनएस बंद असतो. तिथल्या नेटवर्कचा डीएनएस पत्ता डॉकरच्या सेटिंगच्या डिमन-डॉट-जेसन फाइलमध्ये 'डीएनएस' या नावाखाली लिहा आणि डॉकर रीस्टार्ट करा.

दुसरा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार. याची खूण वेगळी: नाव सापडतं, जोडणी होते, आणि मग पिप किंवा एनपीएम तिथेच लटकतं. एररही येत नाही. होस्टवर व्हीपीएन चालू असेल तर पॅकेटचा आकार लहान असतो, वायरगार्डवर साधारण १४२०, आणि डॉकरचा ब्रिज मात्र १५०० धरून बसलेला असतो. मोठी पॅकेट्स वाटेत गळतात. डिमन-डॉट-जेसनमध्ये 'एमटीयू' १४०० लिहून बघा.

'टू मेनी रिक्वेस्ट्स' आणि ४२९ हा आकडा दिसला तर तुमच्या कोडमध्ये काहीही बिघडलेलं नाही. डॉकर हबने नोव्हेंबर २०२० पासून लॉगइन न करता इमेज ओढण्यावर मर्यादा घातली. लागू झाली तेव्हा ती एका आयपीमागे सहा तासांत १०० पुल अशी होती. घरात तुम्ही एकटेच डॉकर वापरत असाल, पण गल्लीतल्या केबलवाल्याच्या ब्रॉडबँडवर आणि मोबाइल हॉटस्पॉटवर अनेक गिऱ्हाइकं एकाच सार्वजनिक आयपीमागे असतात. कॉलेजच्या लॅबमध्ये तर तीस मशीन एकदम सुरू होतात. `डॉकर लॉगिन` केलं की मोजणी आयपीऐवजी खात्यावर होते. बहुतेकांना एवढं पुरतं.

लॅबसाठी याहून चांगला उपाय आहे: एका मशीनवर डॉकरची रजिस्ट्री इमेज प्रॉक्सी म्हणून चालवा आणि बाकी मशीनच्या डिमन-डॉट-जेसनमध्ये 'रजिस्ट्री-मिरर्स' खाली तिचा पत्ता द्या. पायथनची इमेज बाहेरून एकदाच येते, बाकीच्यांना ती लॅबमधूनच मिळते. आणि ज्यांच्या गावी नेटच धड नाही त्यांनी लाजू नये: संभाजीनगरला किंवा नांदेडला गेल्यावर `डॉकर सेव्ह` ने इमेज फाइलमध्ये काढायची, पेनड्राइव्हवर आणायची, घरी `डॉकर लोड`. फक्त डॉकरफाइलच्या माथ्यावर 'सिन्टॅक्स=डॉकर/डॉकरफाइल:१' ही ओळ असेल तर ती फ्रंटएंडची इमेजसुद्धा हबवरूनच मागते आणि बिल्ड पहिल्याच ओळीवर अडतं. नव्या डॉकरमध्ये साध्या कामांना या ओळीची गरज नसते, काढून टाका.

कॉलेजच्या किंवा कंपनीच्या फायरवॉलने एचटीटीपीएस मध्येच उघडून तपासायचं ठरवलं असेल तर 'सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेट इन सर्टिफिकेट चेन' येतं. ब्राउझर चालतो, कारण मशीनवर त्यांचं रूट सर्टिफिकेट टाकलेलं असतं. इमेजमध्ये ते नाही. ते मागून घ्या, इमेजमध्ये कॉपी करा, अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स चालवा. नोडला नोड-एक्स्ट्रा-सीए-सर्ट्स आणि पिपला पिप-सर्ट या व्हेरिएबलमधून वेगळं सांगावं लागतं. एसएसएल तपासणीच बंद करा असा सल्ला जागोजागी मिळतो. तो घेऊ नका, तीच ओळ पुढे प्रॉडक्शनला जाते.

आणि घड्याळ! 'रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट' असं अॅप्ट म्हणालं, की नेटवर्क सोडा आणि मशीनची तारीख बघा. दिवसातून चार वेळा लाइट जाणाऱ्या ठिकाणी जुन्या पीसीचा मदरबोर्डवरचा सेल संपलेला असतो आणि प्रत्येक सुरुवातीला तारीख मागे जाते. कंटेनरला स्वतःचं घड्याळ नसतं, तो होस्टचंच वापरतो, त्यामुळे दुरुस्ती होस्टवरच: `टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू`, आणि जमल्यास नवा सेल. विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) असेल तर लॅपटॉप झोपून उठल्यावर घड्याळ मागे राहू शकतं. `डब्ल्यूएसएल --शटडाउन` करून परत उघडा.

परत परत डाउनलोड थांबवा

रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर काम करणाऱ्याला ही गोष्ट चैनीची नाही. डॉकरफाइलमध्ये एखादा लेयर (एखाद्या ओळीने तयार होणारा इमेजचा थर) बदलला की त्याखालचे सगळे परत बांधले जातात. म्हणून `कॉपी . .` वर आणि पिप इन्स्टॉल खाली असं लिहिलं तर टेम्प्लेटमधला एक शब्द बदलला तरी सगळी पॅकेजेस नव्याने उतरतात. आधी फक्त रिक्वायरमेंट्सची फाइल कॉपी करा, मग इन्स्टॉल, मग उरलेला कोड. नोडमध्ये पॅकेज-डॉट-जेसन आणि पॅकेज-लॉक दोन्ही आधी, मग एनपीएम सीआय.

याच्या पुढची पायरी म्हणजे कॅश माउंट: `रन --माउंट=टाइप=कॅश,टार्गेट=/रूट/.कॅश/पिप पिप इन्स्टॉल -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी`. रिक्वायरमेंट्समध्ये एक पॅकेज वाढवलं तर एकच उतरतं, बाकीची साठवलेल्यातून येतात, आणि हा साठा इमेजमध्ये जात नाही. पण जुन्या डॉकरफाइलींत पिपला `--नो-कॅश-डिर` दिलेलं असतं. ते तसंच ठेवून कॅश माउंट जोडलं तर काहीही साठत नाही आणि कळतही नाही.

अॅप्ट आणि बेस इमेज

अॅप्ट-गेट अपडेट आणि इन्स्टॉल एकाच रन ओळीत, && ने जोडून लिहा. वेगळे लिहिले तर अपडेटचा महिन्यापूर्वीचा लेयर कॅशमधून येतो, इन्स्टॉल जुन्या यादीतलं पॅकेज मागतं, आणि तोवर ती आवृत्ती मिररवरून गेलेली असते: ४०४.

अपडेटवरच ४०४ आला तर बेस इमेजचं डेबियनच निवृत्त झालंय. स्ट्रेचसारख्या जुन्या आवृत्त्या मुख्य मिररवरून काढून आर्काइव्हला हलवल्या गेल्यात. सोर्सेस लिस्ट आर्काइव्हकडे वळवणं ही आजची सोय. बेस बदलणं हाच उपाय.

टॅग पूर्ण लिहा: `पायथन:३.१२-स्लिम-बुकवर्म`. नुसतं `पायथन:३-स्लिम` लिहिलं तर पायथनही सरकतो आणि खालचं डेबियनही. ऑक्टोबर २०२३ ला पायथन ३.१२ आला तेव्हा त्यातून डिस्टयूटिल्स (पॅकेज बांधायचं जुनं मॉड्यूल) गेलं आणि काल चालणारी डॉकरफाइल कुणी हात न लावता फुटली. नोडचंही तसंच. नोड १७ ने ओपनएसएसएल ३ आणलं आणि वेबपॅक ४ वरची प्रोजेक्ट्स 'डिजिटल एन्व्हलप रूटीन्स... अनसपोर्टेड' म्हणू लागली. त्याला लेगसी प्रोव्हायडरचं व्हेरिएबल देऊन गप्प करता येतं, पण वेबपॅक ५ वर जा.

पॅकेज कंपाइल होत नसेल तर

पट्टीच्या अॅपमध्ये सायकोपीजी२ (पायथनला पोस्टग्रेसशी जोडणारं पॅकेज) आहे. 'पीजी-कॉन्फिग एक्झिक्युटेबल नॉट फाउंड' म्हणजे स्लिम इमेजमध्ये जीसीसी आणि लिबपीक्यू-डेव्ह नाही. ते बिल्डर स्टेजमध्ये टाका. मग शेवटच्या स्टेजमध्ये फक्त बांधलेली पॅकेजेस नेली, की कंटेनर सुरू होताना 'लिबपीक्यू.एसओ.५ कॅनॉट ओपन' येतं. कंपायलर मागे ठेवायचा असतो, पण लिबपीक्यू५ ही लायब्ररी शेवटच्या स्टेजलाही लागते.

बेस म्हणून अल्पाइन (अगदी छोटं लिनक्स) घ्यावं का, हा प्रश्न नेहमी येतो. माझं मत: पायथनसाठी घेऊ नका. अल्पाइनवर ग्लिबसीऐवजी मसल ही वेगळी सी लायब्ररी असते, त्यामुळे ज्या पॅकेजचं मसलसाठीचं व्हील (आधीच बांधलेली तयार फाइल) नाही ते तुमच्या मशीनवर मुळापासून कंपाइल होतं. पूर्ण पायथन इमेज उघडल्यावर साधारण एक जीबी, स्लिम दीडशे एमबीच्या आसपास. स्लिम ते अल्पाइन ही बचत त्यापुढे किरकोळ, आणि बिल्डला मिनिटांऐवजी अर्धा तास.

१३७ आणि १३४

दोन्ही रॅमचेच, पण उपाय उलटे. १३४ सोबत 'जावास्क्रिप्ट हीप आउट ऑफ मेमरी' असेल तर नोडने स्वतःची मर्यादा गाठली, मशीनवर रॅम शिल्लक असू शकते. नोड-ऑप्शन्समध्ये `--मॅक्स-ओल्ड-स्पेस-साइज=२०४८` वाढवून द्या. १३७ म्हणजे कर्नलने मारलं, रॅमच नाही. तिथे ती मर्यादा वाढवली तर आणखी लवकर मरेल. आधी `डीमेसेज` मध्ये 'किल्ड प्रोसेस' शोधून खात्री करा. ८ जीबीच्या विंडोज मशीनवर डब्ल्यूएसएलला मुळात ४ च मिळतात. युजर फोल्डरमधल्या डॉट-डब्ल्यूएसएलकॉन्फिगमध्ये मेमरी आणि स्वॅप वाढवा. १ जीबीच्या स्वस्त क्लाउड सर्व्हरवर तर बिल्ड करूच नका, बाहेर बांधून इमेज तिथे ढकला.

बिल्डच्या वेळी डेटाबेस नसतो

'कुड नॉट ट्रान्सलेट होस्ट नेम डीबी' असा संदेश आला तर डॉकरफाइलमध्ये मायग्रेट (डेटाबेसमधले तक्ते बनवणारी जँगोची आज्ञा) लिहिलंय. कम्पोजचं (अॅप आणि डेटाबेसचे कंटेनर एकत्र चालवणाऱ्या साधनाचं) नेटवर्क कंटेनर चालताना असतं, इमेज बांधताना नसतं. मायग्रेट एंट्रीपॉइंटला किंवा वेगळ्या आज्ञेला न्या.

कलेक्टस्टॅटिक (सीएसएस, चित्रं वगैरे फाइली एका जागी गोळा करणारी जँगोची आज्ञा) मात्र बिल्डमध्येच हवं, आणि ते सिक्रेट-की मागतं. त्या एका रन ओळीपुरती खोटी की द्या: `सिक्रेट_की=फक्त-बिल्ड पायथन मॅनेज.पीवाय कलेक्टस्टॅटिक --नोइनपुट`. खरी की आर्गमधून (बिल्डला बाहेरून द्यायच्या व्हेरिएबलमधून) देऊ नका, `डॉकर हिस्ट्री` मध्ये ती कुणालाही वाचता येते. खासगी रिपॉझिटरीचा टोकन लागत असेल तर `--माउंट=टाइप=सिक्रेट` आहे. आर्गबद्दल आणखी एक: फ्रॉमच्या वर जाहीर केलेला आर्ग फ्रॉमच्या खाली रिकामा असतो, तिथे परत जाहीर करावा लागतो.

इमेज बांधली गेली, पण...

'एंट्रीपॉइंट.एसएच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी', आणि आत जाऊन बघावं तर फाइल समोर. विंडोजवर गिटने ओळींच्या शेवटी सीआरएलएफ (ओळ संपल्याची विंडोजची खूण) घातलंय, त्यामुळे लिनक्स 'एसएच' ऐवजी 'एसएच आणि एक अदृश्य अक्षर' असा प्रोग्रॅम शोधतोय. गिट-अॅट्रिब्यूट्समध्ये `*.एसएच टेक्स्ट ईओएल=एलएफ` टाका. 'परमिशन डिनाइड' असेल तर `गिट अपडेट-इंडेक्स --सीएचमॉड=+एक्स`.

'एक्झेक फॉरमॅट एरर' म्हणजे एम मालिकेच्या मॅकवर बांधून इंटेल सर्व्हरवर चढवलं. `--प्लॅटफॉर्म लिनक्स/एएमडी६४` द्या, एम्युलेशनमुळे वेळ लागेल.

सगळं चालतंय, पण पट्टीच्या पीडीएफमध्ये शेतकऱ्याच्या नावाच्या जागी चौकोन? स्लिममध्ये देवनागरी फॉन्टच नसतो. फॉन्टकॉन्फिग आणि फॉन्ट्स-लोहित-देवा ही डेबियन पॅकेजेस शेवटच्या स्टेजमध्ये टाका, आणि `एफसी-लिस्ट :लँग=एमआर` चालवून खात्री करा. आउटपुट रिकामं आलं तर फॉन्ट पोचलेला नाही. चौकोन नसून वेलांटी भलतीकडे आणि जोडाक्षरं फुटलेली दिसत असतील तर फॉन्टचा दोष नाही. पीडीएफ लायब्ररी अक्षरजुळणी करत नाही. वीझीप्रिंट ही पीडीएफ लायब्ररी पँगोमार्फत ती करते, पण त्यासाठी पँगोच्या लायब्ररीही इमेजमध्ये हव्यात.

डिस्क

'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' आल्यावर घाईने `डॉकर सिस्टिम प्रून -ए` मारू नका. आधी `डॉकर सिस्टिम डीएफ` ने बघा की जागा इमेजने खाल्लीय की बिल्ड कॅशने. `डॉकर बिल्डर प्रून -ए` ने पिप-एनपीएमचे कॅश माउंटही जातात आणि पुढचं बिल्ड पूर्ण डेटा परत ओढतं. `--फिल्टर अनटिल=२४०एच` देऊन दहा दिवसांहून जुनंच काढा. `--व्हॉल्यूम्स` तर हात लावू नये असा पर्याय आहे, आवकेच्या नोंदी त्यातच असू शकतात. विंडोजवर एवढं करूनही सी ड्राइव्ह भरलेलाच दिसेल, कारण डब्ल्यूएसएलची व्हर्च्युअल डिस्क फाइल वाढते पण आपोआप लहान होत नाही. डॉकर बंद करा, `डब्ल्यूएसएल --शटडाउन`, मग डिस्कपार्टमध्ये ती व्हीएचडीएक्स फाइल निवडून `कॉम्पॅक्ट व्हीडिस्क`. हे चालू असताना लाइट जाणार नाही अशी वेळ निवडा, आणि लॅपटॉप चार्जरला लावूनच ठेवा.